दाओ नसलेलं शिंग

माझी सध्याची पोस्टिंग वादी अदाई, मस्कत. ‘पोस्टिंग’ हा शब्द बायकोला आवडत नाही. ती म्हणते, "नोकरी म्हणा की. फौज सुटून सात वर्षं झाली." पण जित्याची खोड. अल मवालेहच्या भाजीबाजाराजवळ एका व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोअर आहे, तिथे मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. हाताखाली आठ गार्ड. पहिली हजेरी सकाळी साडेपाचला, कारण तेव्हा ट्रक लागतात. गार्ड मला सुभेदार साहेब म्हणतात. फौजेतून मी सुभेदार म्हणूनच निवृत्त झालो.

इथली मराठी मंडळी वर्षातून दोनदा मला माईकसमोर उभं करतात. "कांबळे साहेब, तो नागालँडचा प्रसंग सांगा." मी सांगतो. टाळ्या पडतात. मुलं विचारतात, "अंकल, तुम्ही स्केअर्ड होता का?" मी हसतो. चोवीस वर्षं तो प्रसंग मी अर्धाच सांगत आलो आहे. आज पूर्ण लिहितो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी तो पुन्हा वाचावा.

आधी एक कबुली. मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, घरी आलेल्या पाहुण्यालाही तुम्ही आयकार्ड विचाराल. फौजेत या गुणाचं कौतुक झालं. त्याच गुणाने एक माणूस गेला.

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, खंजिराची मूठ सैल झाली होती. लग्नात कमरेला लावायचा खंजीर, त्यामुळे काम घाईचं होतं. त्याने तो माझ्याकडे दिला आणि ड्रायव्हरबरोबर मला इब्राला पाठवलं. इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, बू नासर नावाचे म्हातारे कारागीर आहेत. खंजिराच्या चांदीचं आणि शिंगाच्या मुठींचं काम त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. हिंदी मोडकी, पण पुरेशी. आम्ही सव्वानऊला पोचलो. त्यांनी कॉफी आणि खजूर पुढे केले, खंजीर हातात घेतला आणि मूठ हलवून बघितली. मी त्यांच्या कामाच्या फळीकडे बघत होतो.

फळीवर करवत होती, कानशी होत्या आणि एक शिंग होतं. काळं, वीतभर रुंद, तळहातासारखं चपटं घासलेलं. वरच्या भागात आरपार खाच. दोन्ही बाजूंना पट्टा ओवायची भोकं. कडेला तापलेल्या सळईने डागलेले आकडे. ४४१७.

मी कॉफी खाली ठेवली. आकडे पुन्हा एकदा वाचले.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागा माणसाचा दाओ म्हणजे आपल्या कोयत्याचा थोरला भाऊ. पातं रुंद, टोकाकडे जड. त्याला म्यान नसतं. कमरेच्या मागे, पाठीच्या बुडाशी, लाकडाची किंवा शिंगाची एक खोबण बांधतात आणि उघडा दाओ तिच्यात सोडतात. खांद्यावरून हात मागे गेला की दाओ हातात. बघावं लागत नाही. हे शिंग मिथुनचं होतं. मिथुन म्हणजे तिकडचा अर्धा रानटी बैल. खाचेच्या खाली, शिंगाच्या बुडाकडे, पोकळी उरते. तिला लाकडी बूच मारून वर मेण ओतलेलं होतं. खाच डावीकडे कललेली होती, म्हणजे मालक डावखुरा.

हे सगळं मला बघून कळलं नाही. मला ते आधीच माहीत होतं. हे शिंग लान्स नायक चिंगमाकचं होतं आणि त्यावर नंबर डागायचा हुकूम माझा होता.

तेव्हा मी हवालदार होतो. आमची पलटण सरमिसळ होती. मराठी, गढवाली, मणिपुरी, नागा. पूर्व नागालँडमधल्या एका डोंगरावर तीस जणांची पोस्ट. सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे मोर्च्यावर, सहाला चहा, सातला पाणी आणायची पार्टी. दर मंगळवारी एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, खाली पुलापर्यंत जायची आणि दुपारी परत यायची. रस्ता बांबूचा आणि वेताचा. आठवड्यात तो पुन्हा बुजायचा. पुढे राहून वाट तोडायचं काम चिंगमाकचं. चार सरकारी कोयते जे तासात करत ते त्याचा एक दाओ पंधरा मिनिटांत करायचा. तो फार बोलत नसे. चहात मीठ घालून प्यायचा. आम्ही त्याला चिडवायचो, तो आमच्या भाकरीला चिडवायचा.

त्या हिवाळ्यात दोनदा आमच्या पेट्रोलला वाटेत विझत आलेल्या चुली मिळाल्या. कोणीतरी आमची वाट बघून गेलं होतं. खबर बाहेर जाते आहे असं माझं ठाम मत झालं. पोस्टवर तीस माणसं. त्यांतल्या एकाचंच गाव दोन डोंगर पलीकडे होतं. संशयाला तेवढं पुरलं.

चिंगमाक दहा दिवसांची रजा काढून सोमवारी परत आला. कमरेला नवीन बूच मारलेलं शिंग. संध्याकाळी पाच वाजता मी किट इन्स्पेक्शन घेतलं. शिंग हातात घेऊन हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"क्या है?"

"घर का चीज है, साहब."

"खोल."

"यहाँ नहीं खुलेगा, साहब. घर पे खुलेगा."

"हुकूम है."

त्याने मान खाली घातली. पण बूच काढलं नाही. चार वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नकार दिला होता. मी पोस्ट कमांडरकडे जायला हवं होतं. त्याला बाजूला घेऊन नीट विचारायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. मी शिंग त्याच्या अंगावर फेकलं आणि दाओ काढून घेतला. "कल तू सबसे पीछे चलेगा." दाओ मी माझ्या बिछान्याखाली ठेवला. कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, जमा केला नाही. जमा केला असता तर रजिस्टरला कारण लिहावं लागलं असतं.

मंगळवारी सकाळी सहा पंचवीसला आम्ही नऊ जण निघालो. पुढे शिपाई धोंडीराम, सरकारी कोयता घेऊन. तिसरा मी. शेवटी चिंगमाक, खांद्याला रायफल, कमरेला रिकामं शिंग. सव्वाआठला एका वळणावर मागून कानोकान निरोप आला. "चिंगमाक बोलता है, कटे बाँस का पानी सूखा नहीं है. रुको."

तो बांबू वाटेच्या कडेला, धोंडीरामच्या कोयत्यापासून दूर होता, आणि तिथली आमची तोड आठवड्यापूर्वीची होती. ओला बांबू म्हणजे तासाभरापूर्वी कोणीतरी तोडलेला. साधी गोष्ट. पुढे चालणाऱ्या धोंडीरामला ती दिसली नाही, मलाही नाही. पण माझ्या डोक्यात वेगळंच. मला वाटलं, हा आपल्याला इथेच का थांबवतोय? इथेच थांबवायचं ठरलंय का? मी उलटा निरोप दिला. "चलते रहो."

आठ वाजून बावीस मिनिटांनी वरून फायर आला.

पहिली गोळी धोंडीरामच्या मांडीत. तो वाटेवरून घसरला आणि खालच्या वेताच्या जाळीत अडकला. वेताला उलटे काटे असतात. पाठीवरचा पॅक, रायफलचा पट्टा, बाही, सगळं धरून ठेवलं. कोयता हातातून सुटून नाल्यात गेला. तो तिथे उघड्यावर लटकत होता. आम्ही खडकामागे होतो. मी वायरलेस सेटवर बोललो, "वन फॉर टू. कॉन्टॅक्ट. वन मॅन डाउन. ओव्हर." उत्तर आलं, "टू. रिइन्फोर्समेंट मूव्हिंग. फोर्टी मिनिट्स. ओव्हर."

चाळीस मिनिटं धोंडीरामजवळ नव्हती.

चिंगमाक मागून पळत आला. माझ्या शेजारून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. जाळीशी पोचल्यावर त्याचा डावा हात खांद्यावरून मागे गेला. शिंग रिकामं होतं. हात तसाच क्षणभर थांबला. मग त्याने हातांनी वेत तोडायला सुरुवात केली. पुन्हा एकदा हात मागे गेला. सवयीने. पुन्हा रिकामा आला. वेत हाताने तुटत नाही. दाओचे चार घाव पुरले असते. त्याला चार-पाच मिनिटं लागली. त्याची पाठ वरच्या डोंगराकडे होती. धोंडीरामला त्याने सोडवून खडकाआड ढकललं आणि मग तो बसला. तीन गोळ्या, सगळ्या पाठीत. एक शिंगाची कड उडवून गेली होती.

धोंडीराम वाचला. सांगलीकडे असतो, थोडा लंगडतो. मला दरवर्षी फोन करतो. इन्स्पेक्शनच्या वेळी तो पहाऱ्यावर होता; दाओ माझ्याकडे होता हे त्यालाही माहीत नव्हतं.

चौकशी झाली. खबर कोणीच दिली नव्हती. दर मंगळवारी तीच वाट, तीच वेळ. आमच्या बुटांनीच खबर दिली होती. मी चौकशीत खरं सांगितलं, फक्त दाओ सोडून. कोणी विचारलं नाही. चिंगमाकची पेटी घरी जाणार होती. आदल्या संध्याकाळी मी बिछान्याखालून दाओ काढला, घासला, तेल लावलं आणि पेटीत ठेवला. अंगावरचं शिंग त्याच्याशेजारी. तेल लावताना मला वाटलं होतं, एवढं तरी आपण नीट करतोय.

तर ते शिंग आता इब्राच्या फळीवर, करवतीच्या शेजारी.

"बू नासर, ये किधर से आया?"

"एक बिन्त, लड़की, लाया. हिंदी. शकल चीनी जैसा. जुम्मा को आएगा."

"आप इसको काटेगा?"

त्यांनी खांदे उडवले. "अभी नहीं. पहले बात करेगा."

मला पुरतं कळलं, असं मला वाटलं. नागा लोकांच्या जुन्या वस्तू चोरून बाहेर विकल्या जातात हे मी ऐकलं होतं. शहिदाच्या घरातून शिंग चोरलं, समुद्रापार आणलं आणि आता खंजिराच्या मुठीसाठी विकायला ठेवलं. परतीच्या वाटेवर माझा ड्रायव्हर दोनदा म्हणाला, साहेब, बरं नाही का? संध्याकाळी मी शेजारच्या गायकवाड इंजिनिअरकडे गेलो. जय भीम झाला, चहा झाला. मी चोरी झाली एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "काका, सरळ पोलिसात द्या. इथे कायदा कडक आहे. पण तुम्ही एवढे का पेटलात?" मी उठलो. चोराच्या मनात चांदणं असतं. मला भीती चोराची नव्हती. ते शिंग कोणाच्यातरी घरात होतं, आणि त्या घरातल्या माणसांना काय काय माहीत आहे, याची होती.

शुक्रवारी सकाळी आठलाच मी बू नासरच्या दुकानात हजर. दाराकडे तोंड करून, पाठ भिंतीला. दहा वाजता ती आली. चोवीसेक वर्षांची. जीन्स, लांब बाह्यांचा कुर्ता, गळ्यात एका हॉस्पिटलचं ओळखपत्र. नर्स. नाव रूथ. मी उभा राहिलो आणि कसलीही ओळख न देता सुरू केलं.

"ये आपको किधर मिला?"

"आप कौन?"

"पहले जवाब. ये नंबर किसका है?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बू नासरकडे. घाबरली नाही. "फोर फोर वन सेवन. लान्स नायक चिंगमाक. मेरे पापा."

मला लाज वाटायला हवी होती. पण पहिला विचार आला, आकडे तर कोणीही वाचेल. मी म्हणालो, "प्रूफ?"

तिने शिंग उचललं. डाव्या हाताने. मग उजव्या हाताने ते कमरेच्या मागे, पाठीच्या बुडाशी धरलं आणि डावा हात खांद्यावरून मागे नेला. हात बरोबर खाचेच्या वर, दाओची मूठ असते तिथे गेला. तसा हात मी एकाच माणसाचा पाहिला होता.

मी खाली बसलो. बू नासरनी माझ्यासमोर पाणी ठेवलं.

ती विकायला आलीच नव्हती. शिंग तिच्या खोलीत भिंतीवर होतं. दमट डोंगरातलं शिंग, इथली कोरडी हवा आणि दिवसभराचा एसी. गोळीने उडालेल्या कडेपासून चीर पडली आणि ती रोज पुढे सरकत होती. गावात शिंगाचं काम करणारं आता कोणी नाही. हॉस्पिटलमधल्या एका ओमानी नर्सने तिला सांगितलं, शिंग समजणारा माणूस इब्रात आहे. सुट्टीच्या दिवशी टॅक्सी करून ती एवढ्या लांब आली होती.

"आप पापा को जानते थे?"

"मैं उसका हवालदार था."

तिचा चेहरा उजळला. त्या उजळण्याचा मला त्रास झाला. ती म्हणाली, "तो फिर आप बताओ. सच में क्या हुआ? पापा भागे थे क्या?"

"किसने कहा?"

मग तिने सांगितलं. मोडकी हिंदी, मध्ये इंग्रजी. पेटी आली तेव्हा ती आईच्या पोटात होती. गावातल्या वडीलधाऱ्यांनी पेटी उघडली. शिंगावर रक्त, दाओ स्वच्छ. तेल लावलेला. वार पाठीत. सरकारी पत्रात लिहिलं होतं की त्याने साथीदाराला वाचवलं. पण सरकारी कागद सगळ्यांनाच शूर म्हणतो, असं गाव म्हणालं. दाओ न काढता आणि पाठीत गोळी लागून माणूस पडतो तो कसा पडतो, हे तिथल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवायला नको होतं. आईसमोर कोणी बोललं नाही. पण जुन्या शूरांची नावं सणाला घेतात तेव्हा चिंगमाकचं नाव कोणी घेतलं नाही. चोवीस वर्षं. आईने ते शिंग मुलीला दिलं आणि सांगितलं, तू बाहेर जा.

मी तेल लावलं होतं.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. तिला मी म्हणालो असतो, तुझे पप्पा शूर होते, आणि ते खरंही होतं. पण त्या घराला शूर हा शब्द आधीच मिळाला होता. त्यांना दाओचं उत्तर हवं होतं. आणि ते एका माणसाकडे होतं.

मी उभा राहिलो, सावधानमध्ये. बसून सांगता आलं नसतं. सोमवारची संध्याकाळ सांगितली. शिंग हलवलं ते, "खोल" म्हणालो ते, बिछान्याखालचा दाओ, ओल्या बांबूचा निरोप, "चलते रहो." डावा हात दोनदा मागे गेला ते. तेलाचंही सांगितलं. बू नासरना किती समजलं माहीत नाही. त्यांनी कानस खाली ठेवली होती आणि दुकानाचं दार लोटून घेतलं होतं.

रूथने शिंग फळीवर ठेवलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फोन काढला. "माँ को बोलो. यही सब."

व्हिडिओवर एक बारीक बाई, डोक्याला शाल. मी पुन्हा सगळं सांगितलं. रूथ एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत गेली. मध्ये तिचा आवाज दोनदा फाटला. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"माँ पूछती है, हाथ पीछे गया था? आपने खुद देखा?"

"हाँ. दो बार."

बाईंनी तोंडावर शाल घेतली. मग त्या बोलल्या. रूथ म्हणाली, "माँ बोलती है, आप लिख के दो. नाम के साथ, नंबर के साथ. चर्च में पढ़ेंगे, सब के सामने." मग थांबून, "माफी का कुछ नहीं बोली."

"मैंने माँगी भी नहीं."

"हाँ," ती म्हणाली. "वो मत माँगो."

बू नासरनी शिंग उजेडात धरलं. त्यांनी सांगितलं, दोन मार्ग आहेत. बूच काढून आतून भरणं, काम पक्कं होईल. किंवा बाहेरून चांदीचा पट्टा, बूच तसंच राहील, पण चीर दिसत राहील. रूथने शिंग हातात घेतलं. हलवलं. तोच आवाज. "माँ बोलती है अंदर बीज है. मेरे होने का पता चला तब पापा ने डाला. हमारे घर में ऐसा करते हैं. बच्चा होने पर बाप खुद निकालता है और खेत में डालता है. पापा नहीं आए, तो किसी ने नहीं खोला." मग माझ्याकडे बघून, "आपको देखना था ना? खोल दूँ?"

चोवीस वर्षं त्या आवाजाने मला झोपू दिलं नव्हतं. आत बी आहे हे ती सांगत होती, तिची आई सांगत होती. आणि तरीही, खरं सांगतो, माझ्यातल्या हवालदाराला आत डोकावायचं होतं.

"नहीं," मी म्हणालो. "यहाँ नहीं. घर पे खुलेगा."

बू नासर म्हणाले, "खलास," आणि चांदीची पट्टी शोधायला वळले.

ते पत्र मी त्याच रात्री हिंदीत लिहिलं आणि सही करून रूथकडे दिलं. धोंडीरामला फोन करून सांगितलं. त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून केला. एवढंच विचारलं, "साक्षीला माझंबी नाव घातलंय न्हवं?" घातलं नव्हतं. पत्र परत घेऊन मी ते घातलं. रूथची रजा येत्या पेरणीच्या वेळची मंजूर झाली आहे. शिंग ती हातातल्या बॅगेत नेणार आहे. एअरपोर्टवर कोणी हलवून आत काय आहे विचारलं तर काय सांगू, असं ती मला विचारत होती. 

मराठी मंडळींच्या पुढच्या कार्यक्रमात मला कोणी माईक देईल का, माहीत नाही. दिला तर एवढंच सांगेन. लान्स नायक चिंगमाक, नंबर ४४१७. तो साथीदाराला सोडवताना पडला. त्याचा दाओ स्वच्छ होता, कारण तो त्याच्याजवळ नव्हता. माझ्याजवळ होता.